पुढच्या सीटवरचा साक्षीदार

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि वकिलाने ती खरोखरच कधी चढली नव्हती. काळ्या कोटाऐवजी त्याच्या अंगावर निळा डगला असे, आणि त्याचा निळेपणाही आता फक्त काखेत उरला होता. बाकी सगळीकडे ऑइल. टायरवाल्याचं दुकान आणि सुताराचा कारखाना यांच्या मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो पंचवीस वर्षं गाड्या दुरुस्त करत आला होता. आईबापांनी ठेवलेलं नाव शिधापत्रिकेवर होतं, तिथेच ते सुखाने राहत होतं. बाकी जग त्याला वकील म्हणायचं, आणि त्याच्या बायकोला, बिचारीचा काही गुन्हा नसताना, वकिलीणबाई.

नाव पडलं ते त्याच्या खोडीमुळे. गाडी शेडमध्ये आली की दुसरे मेकॅनिक बॉनेट उघडतात. हा आधी माणसाला उघडायचा. मोडीत निघालेल्या व्हॅनची मागची सीट त्याने भिंतीला टेकवून ठेवली होती. गाडीच्या मालकाला त्या सीटवर बसवायचं, स्वतः समोर पालथ्या डब्यावर बसायचं, आणि उलटतपासणी सुरू. आवाज कधीपासून येतो? इंजिन गार असताना की तापल्यावर? डावीकडे वळताना की उजवीकडे? गाडी शेवटची कोणी नेली होती? मेहुण्याने? मेहुणा ब्रेक कसा मारतो, हळूच की कचकन?

"अरे बाबा, गाडी बघ ना! मेहुण्याचं काय घेऊन बसलास?" असं लोक वैतागून म्हणायचे.

"गाडी खोटं बोलत नाही, पण ती बोलतच नाही," वकील शांतपणे सांगायचा. "माणूस खोटं बोलतो, पण बोलतो तरी. सांगा, मेहुणा ब्रेक कसा मारतो?"

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट वाटते, पण या खोडीने पुष्कळांचे हाल वाचवले होते. एका वाण्याच्या गाडीत खडखड व्हायची. दोन गॅरेजांनी तिचे शॉकअप बदलले, बुश बदलले, तरी खडखड आपली आहेच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. वकिलाने अर्धा तास तोंडी काम चालवलं, वाण्याच्या घरची मंडळी कुठे सहलीला गेली होती ते विचारलं, आणि मग स्टेपनीखालच्या खोबणीत हात घालून मुलाची हरवलेली पाण्याची स्टीलची बाटली बाहेर काढली. वाण्याला आनंदापेक्षा राग जास्त आला होता म्हणे.

त्याचा दुसरा नियम मात्र लोकांना आवडत नसे, कारण तो ज्याच्या त्याच्या तोंडावर दार लावून पाळला जायचा. गाडीची ट्रायल घेताना वकील एकटा जायचा. मालक नाही, मालकाचा भाऊ नाही, कुणी नाही. "शेजारी माणूस बसला की तो बोलतो, आणि तो बोलायला लागला की बेअरिंग गप्प बसतं," हे त्याचं म्हणणं. त्यात तथ्य होतं, म्हणूनच त्याचा त्याला गर्व होता. आणि आपलं घोडं पेंड खाणार आहे ते याच नियमापाशी. पण ते मागाहून.

एका मंगळवारी दुपारी शेडसमोर एक जुनी एसयूव्ही येऊन थांबली. सोळा-सतरा वर्षांची, करड्या रंगाची, इतकी उंच आणि रुंद की पलीकडून रंधा मारता मारता सुताराने मान वर केली आणि म्हणाला, "हे धूड कुणाचं?" तेच तिचं नाव पडलं. धुडातून उतरली ती पोस्टाच्या काउंटरवर बसणारी बाई. वकील तिला ओळखत होता. तिच्याकडून तो नेहमी पाकिटं घ्यायचा. एरवी ती एका हाताने शिक्का मारत दुसऱ्याने सुटे देत असे, आणि तेवढ्यात कुणालातरी दटावतही असे. आज ती व्हॅनच्या सीटवर बसली आणि किल्ली हातात नुसती फिरवत राहिली.

"बंद पडते," ती म्हणाली.

"बंद पडते म्हणजे कशी, ताई? धक्के खात, खोकत, की एकदम?"

"एकदम. कुणीतरी चावी फिरवून काढून घ्यावी तशी."

"दिवे जातात?"

"नाही. दिवे राहतात, रेडिओसुद्धा चालू राहतो. इंजिन तेवढं गेलेलं असतं."

"मग स्टार्टर मारल्यावर?"

"फिरतो की. फिरतो, फिरतो, पण इंजिन पकडत नाही. मग मी बाबांना उतरवते, सावलीत बसवते, गाडी गार होऊ देते. पंधरा-वीस मिनिटांनी पहिल्या चावीला सुरू. दुसऱ्या गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली, प्लग बदलले. पुन्हा तेच."

वकील मागच्या पत्र्यावर खडूने लिहीत होता. दिवे आहेत, स्टार्टर आहे, म्हणजे बॅटरीचा काही संबंध नाही. बिचारी उगाच बदलली. "किती वेळा झालं?"

"सहा. दोन महिन्यांत."

"कुठल्या रस्त्यावर?"

"इस्पितळाच्या. दुसरीकडे कुठे जातेय मी?"

"जाताना की येताना?"

ती बोटांवर मोजू लागली आणि म्हणाली, "जाताना. सहाही वेळा जाताना. येताना कधीच नाही... हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

वकिलाचा खडू थांबला. असं काही ऐकलं की त्याच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. तीच गाडी, तोच रस्ता, तीच बाई चालवणारी. मग जाताना बंद आणि येताना ठणठणीत का? सकाळचा गारवा? चढण? टाकीतलं पेट्रोल? तो मनातल्या मनात हात चोळू लागला. पण ती पुढे जे बोलली ते ऐकल्यावर त्याला आपल्या गुदगुल्यांची लाज वाटली.

तिच्या सासऱ्यांची किडनी गेली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी चाळीस किलोमीटरवरच्या इस्पितळात त्यांचं डायलिसिस व्हायचं. नवरा जहाजावर नोकरीला, सहा सहा महिने पाण्यावर. त्यामुळे नेणं-आणणं हिच्याकडे. गेल्या शुक्रवारी गाडी सहाव्यांदा बंद पडली, पोहोचायला उशीर झाला आणि मशीन अर्धवटच लावावं लागलं. आणि आज सकाळी सासऱ्यांनी घराच्या पायरीवरच बसकण मारली.

"म्हणाले, गाडी माझ्यामुळे बंद पडते. मी बसलो की ती जीव सोडते. मी अपशकुनी आहे, मी आता कुठल्याच गाडीत बसणार नाही. किती समजावलं! बाबा, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, दुसरं काही नाही. मी भाड्याची गाडीसुद्धा बोलावली. तर म्हणतात, त्या गरिबाची गाडी कशाला बिघडवू." तिने किल्ली वकिलाच्या हातात ठेवली. "आजची खेप चुकली. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारची चुकवू नका. चुकवू नका म्हणजे काय, ते कळलं मला."

वकिलाने किल्ली घेतली. शुक्रवार म्हणजे मध्ये दोन दिवस.

जुन्या गाडीला एकच दुखणं कधीच नसतं. तिच्यात तुम्ही शोधायला गेलात की काही ना काही सापडतंच, आणि सापडलेल्यालाच चोर समजायचा मोह होतो. वकिलाला बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी सापडली. ती त्याने गरम पाण्याने धुतली. इंजिनापासून बॉडीपर्यंत जाणारी अर्थिंगची पट्टी निम्मी कुजलेली सापडली, ती बदलली. आणि रेडिएटरचा पंखा? तो थापट मारल्याशिवाय फिरतच नव्हता. आतले कार्बन ब्रश पार झिजले होते. वकिलाच्या डोळ्यांत चमक आली. पंखा फिरत नाही म्हणून इंजिन तापतं, तापतं म्हणून बंद पडतं, गार झालं की सुरू होतं. सरळ हिशेब.

ब्रश बदलून बुधवारी सकाळी तो धूड घेऊन निघाला. एकटाच, नियमाप्रमाणे. ती ज्या वेळेला निघते त्याच वेळेला, त्याच रस्त्याने, इस्पितळाच्या फाटकापर्यंत. गाडी खोकलीसुद्धा नाही. दुसऱ्या कुणी एव्हाना फोन करून सांगितलं असतं, ताई, झाली गाडी, घेऊन जा. वकिलाने तसं केलं नाही, आणि यासाठी त्याला मानलं पाहिजे. परत येऊन त्याने पंख्याची वायर काढून टाकली, म्हणजे बिघाड होता तसाच पुन्हा घातला, आणि तोच रस्ता दुसऱ्यांदा धरला. गुन्हा पंख्याचा असेल तर पंखा बंद असताना तो पुन्हा घडला पाहिजे, हा त्याचा कायदा. तापमानाचा काटा वर चढला, बॉनेटमधून वास सुटला, पण इंजिन काही बंद पडलं नाही.

त्याने पत्र्यावर लिहिलं: पंखा, निर्दोष.

मग पेट्रोल. इंजिन एकदम जातं आणि दिवे राहतात, म्हणजे एकतर ठिणगी जाते नाहीतर पेट्रोल. पेट्रोलचा दाब मोजला, बरोबर. पंपाला वीज जोडून देणारा रिले काढून त्या जागी हॉर्नचा रिले बसवून पाहिला, तोही बरोबर; हॉर्न तेवढा उगाच बसला. टाकीपाशी आडवं पडून पंपाला मीटर लावला. वीज येत होती, पुरी बारा व्होल्ट. ठिणगी देणारी कॉइल तापवून बघितली, पाणी मारून बघितली. गुरुवारी दुपारपर्यंत पत्र्यावर निर्दोषांची रांग लागली होती आणि आरोपी मात्र एकही नव्हता. सुतार येऊन ती यादी वाचून गेला आणि म्हणाला, "तुझ्या कोर्टात सगळेच सुटतात की रे!"

वकील जेवायला घरी गेला तो फुरंगटूनच. वकिलीणबाई पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर कुणाच्यातरी गाडीचं सीटकव्हर शिवत होत्या. गाड्यांची सीटकव्हरं हा त्यांचा धंदा होता, आणि नवऱ्याच्या धंद्यापेक्षा तो शांतपणे चालायचा. वकिलाने हात धुता धुता सगळी कैफियत ऐकवली.

"त्यांना विचारलंत का?" तोंडातली टाचणी काढून त्यांनी विचारलं.

"विचारलं की. ताईंना तीनदा विचारलं."

"ताईंना नाही हो. ज्यांच्यासाठी गाडी जाते त्यांना."

"ते काय सांगणार? ते कुठे गाडी चालवतात?"

वकिलीणबाईंनी मशीन थांबवलं. "मीही गाडी चालवत नाही. पण तुमच्या शेजारी बसल्या बसल्या मला कळतं, तुम्ही कुठला गिअर रागाने टाकला ते. सगळ्या गावाची उलटतपासणी घेता, आणि सहाही वेळा जो माणूस हजर होता, त्याला साधं समन्स नाही? काखेत कळसा अन् गावाला वळसा!"

वकील जेवला नाही असं नाही, पण काय जेवला ते त्याला आठवलं नसतं.

तासाभरात धूड पोस्टातल्या बाईच्या अंगणात उभं होतं. दोन खोल्यांचं बैठं घर. बाहेरच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीशी पलंग, उशाशी औषधांचा डबा आणि पाण्याचा मापाचा पेला, कारण दिवसाला किती पाणी प्यायचं तेही डॉक्टरांनी ठरवून दिलेलं. भिंतीवरच्या खिळ्याला तिकिटं टोचायचा जुना पंच टांगलेला. सासरे बत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. पाय सुजलेले, चेहरा पिवळट, आणि नजर खिडकीबाहेर.

"दुरुस्त झाली का?" सुनेने दारातच विचारलं.

"नाही," वकील म्हणाला. "मी काकांकडे आलोय."

कंडक्टरांनी मान वळवली नाही. "मी सांगितलंय हिला. मी बसणार नाही."

वकिलाने इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातला पाट ओढला आणि पलंगाशेजारी बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला तोंड उघडायला अवघड वाटत होतं. "बसू नका. मला फक्त सांगा. गाडी पहिल्यांदा बंद पडली, ती कुठे?"

मग खिडकीकडे बघतच म्हातारा म्हणाला, "दूध डेअरीच्या पुढे. मोरीवर."

"दुसऱ्यांदा?"

"रेल्वे फाटक ओलांडल्यावर. तिसऱ्यांदा पेट्रोलपंपाच्या अलीकडे, तिथे साईडपट्टी खचलीय. चौथ्यांदा पुन्हा फाटक. पाचव्यांदा मोरी. सहाव्यांदा फाटक." आता मान वळली होती. "बत्तीस वर्षं स्टॉप मोजलेत, वकीलसाहेब. किडनी गेली, डोकं नाही गेलं."

वकील पाटावर पुढे सरकला. "या तिन्ही जागी सारखं काय आहे?"

"डावं चाक खाली जातं. ढप्प होतं. माझ्या बुडाखाली सीट दबते आणि गाडी मुकाट होते. एक बेल मारल्यासारखी." त्यांनी बोट वर करून दोरी ओढल्याची खूण केली. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे कुणालाही सांगावं लागत नाही.

"तुम्ही पुढे बसता? डाव्या सीटवर?"

"जाताना पुढे. येताना अंगात त्राण नसतं, तेव्हा मागे आडवा. गुडघा वाकत नाही म्हणून पुढची सीट हिने पार मागे सरकवून दिलीय."

"कधीपासून?"

"झाले दोन महिने."

वकिलाने सुनेकडे पाहिलं. तिचा हात दाराच्या चौकटीवर तसाच राहिला होता.

"आता एक शेवटचं, काका. नीट आठवून सांगा. तुम्ही सीटवर बसलेले असताना गाडी परत सुरू झाली, असं कधी झालं?"

"कधीच नाही!" म्हातारा एकदम उठून बसला. "तेच तर ओरडून सांगतोय मी! पाचव्या वेळेला ऊन फार होतं म्हणून मी उतरलो नाही. ही अर्धा तास चावी मारत होती. ढिम्म. मग रस्त्यावरच्या दोघांनी मला उचलून मागे निजवलं, आणि पहिल्या चावीला सुरू! हिला वाटलं, गार झाली. भर उन्हात अर्ध्या तासात काय गार होतंय? मी म्हणालो, बघ, माझ्यामुळे. तर म्हणते, बाबा, असं बोलू नये. मुलगा फोनवर तेच म्हणतो, डॉक्टर तेच म्हणतात. असं मनात आणू नये म्हणे!"

वकिलाच्या पोटातल्या गुदगुल्या परत आल्या होत्या, आणि या वेळी त्याला त्यांची लाज वाटली नाही. दोन दिवस तो एकटा हिंडला होता, शेजारची सीट रिकामी ठेवून. शंभरदा गेला असता तरी गाडी बंद पडली नसती.

"काका," तो म्हणाला, "तुमचा आरोप आहे की गाडी तुमच्यामुळे बंद पडते. बरोबर?"

"बरोबर."

"मग सिद्ध करून दाखवा. गाडी इथेच अंगणात उभी आहे. कुठे जायचं नाही. तुम्ही बसायचं, मी चावी मारणार. नाही बंद पडली तर तुमचा दावा खारीज."

सून पुढे झाली. "अहो, काहीतरीच काय, त्यांना..." पण म्हाताऱ्याने चपला शोधायला सुरुवातही केली होती. समजूत घालून जो माणूस तीन दिवस हलला नव्हता, तो स्वतःचं म्हणणं खरं करून दाखवायला तरातरा निघाला. माणसाचा स्वभाव, दुसरं काय!

वकिलाने आधी इंजिन सुरू केलं. ते संथ घुरघुरत होतं. मग दोघांनी मिळून कंडक्टरांना पुढच्या सीटवर चढवलं. इंजिन चालूच. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. आयुष्यात कुणी आपला अपशकुन खोटा ठरला म्हणून इतकं हिरमुसलं नसेल.

"ढप्प झालं पाहिजे ना," वकील म्हणाला. "जरा डाव्या कुल्ल्यावर जोर द्या."

कंडक्टरांनी दाराचा दांडा धरला, अंग किंचित उचललं आणि सीटवर आदळले. इंजिन गप्प झालं. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं, ते सांगतच राहिलं.

वकिलाने चावी मारली. स्टार्टर फिरला, इंजिन नाही. "उतरा." म्हातारा उतरला. चावी मारली, सुरू. "बसा." बसले, आदळले, बंद. तीनदा केलं, तीनदा तेच. चौथ्यांदा गरज नव्हती, पण दोघांनाही करून बघायचं होतं. सून पायरीवर बसून राहिली होती. हसावं की रडावं ते तिला कळत नव्हतं आणि तिने दोन्ही थोडं थोडं करून घेतलं.

मग वकिलाने सीटचे चार बोल्ट काढले, सीट बाहेर अंगणात ठेवली, खालचा गालिचा उचलला. पेट्रोलच्या पंपाची वीज पुढून मागे टाकीपर्यंत नेणारी वायर वास्तविक दाराकडेच्या खोबणीतून जायची. आधीच्या कुठल्यातरी मालकाने मोठे स्पीकर बसवताना ती आणि इतर वायरींची जुडी उचलून सीटखालच्या उंचवट्यावरून आणली होती. एरवी चाललं असतं. पण सीट पार मागे सरकवली की तिच्या सांगाड्याची लोखंडी कड नेमकी त्या जुडीवर यायची, आणि माणूस बसला, वर चाक खड्ड्यात गेलं, की वायर दाबली जायची. दाबून दाबून आतली तांब्याची तार तुटली होती. वरचं प्लास्टिक शाबूत, म्हणून फ्यूज उडाला नाही की काही दिसलं नाही. दाब आला की तुटलेली टोकं दूर, दाब गेला की पुन्हा एकमेकांना चिकटून. मीटर लावून वीज मोजणारा वकील तेव्हा टाकीखाली आडवा पडलेला होता. सीटवर कुणी नव्हतंच.

त्याने तो बोटभर तुकडा कापून काढला, नवी वायर जोडली, जुडी परत खोबणीत नेऊन क्लिपांनी बसवली. कंडक्टर खुर्ची टाकून समोर बसले होते आणि एकेक गोष्ट विचारत होते. ही लाल कुठे जाते? आणि ती हिरवी? बसमध्येही अशाच असायच्या का? बत्तीस वर्षं ज्या मशीनमधून हिंडलो तिच्या आत काय होतं ते कुणी दाखवलंच नाही, असंही एकदा म्हणाले. वकील प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होता. प्रश्न दुसऱ्याने विचारायचे आणि आपण सांगायचं, यातही मजा असते हे त्याला नव्याने कळत होतं.

काम संपल्यावर त्याने तो तुकडा म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवला.

"घ्या. तुमचं खरं होतं, काका. गाडी तुमच्यामुळेच बंद पडत होती."

सुनेने दचकून वकिलाकडे पाहिलं. दोन महिने ती जे वाक्य खोडून काढायला धडपडत होती, ते या माणसाने सरळ बोलून टाकलं होतं.

कंडक्टरांनी तो तुकडा डोळ्यांजवळ नेला, मधोमध दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. सुनेला वाटलं रडतायत, म्हणून ती धावली. पण ते हसत होते. "बघ, पोरी," ते म्हणाले, "मी सांगत होतो की नाही? सगळ्यांना सांगितलं. एकानेही ऐकून घेतलं नाही. कावळा बसला म्हणूनच फांदी मोडत होती!" आणि जरा वेळाने, डोळे पुसून, त्यांनी तुकडा शर्टाच्या खिशात घातला आणि विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

शुक्रवारी सकाळी धूड निघालं तेव्हा मागच्या सीटवर वकील बसला होता. कुणी बोलावलं नव्हतं. आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खटला बंद करायचा नाही असं त्याने सुनेला सांगितलं. खरं कारण असं की त्याला घरी चैन पडलं नसतं. पुढच्या सीटवर, सीट पार मागे सरकवून, पाय लांब करून कंडक्टर. डेअरीची मोरी गेली. ढप्प झालं, आणि गाडी चालत राहिली.

रेल्वे फाटक दिसायला लागलं तशी सुनेची बोटं स्टीअरिंगवर आवळली. तीन वेळा याच ठिकाणी तिने या माणसाला हाताला धरून रस्त्याच्या कडेला बसवलं होतं. तिचा पाय आपोआप ब्रेककडे गेला आणि गाडी रेंगाळू लागली. मागे वकील पुढे झुकला. बेअरिंग, पंप, इंजिन, त्याला काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. तो फक्त पुढच्या सीटकडे बघत होता.

कंडक्टरांनी खिशातून वायरचा तुकडा काढला, मुठीत धरला आणि बत्तीस वर्षांच्या सवयीच्या आवाजात, सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले, "इथे स्टॉप नाही. चला, चला."

तिने पाय उचलला. डावं चाक खाली गेलं, वर आलं, आणि फाटक मागे पडलं.